तिसरा भाऊ

आमच्या घराची आणि बांच्या घराची भिंत एकच होती. सुरतेत कतारगाम दरवाज्यातून वेड रोडकडे निघालं की डाव्या-उजव्या हाताला खात्यांची, म्हणजे कारखान्यांची, रांग लागायची. एका शेडमध्ये लूमची खटाखट, तर पुढच्या शेडच्या माडीवर हिरे घासायच्या घंट्यांची बारीक घरघर. या दोन आवाजांच्या मध्ये आमची दहा बाय दहाची खोली होती. पलीकडे काठियावाडातल्या अमरेली जिल्ह्यातून आलेलं पटेलांचं कुटुंब राहायचं. घरातल्या म्हाताऱ्यांना आम्ही बा आणि बापा म्हणायचो. आम्ही खानदेशातल्या अमळनेर तालुक्यातले. सन ७२ च्या दुष्काळात आप्पांनी गाव सोडलं आणि ७३ च्या उन्हाळ्यात मायला, आजीला आणि आम्हा दोघा पोरांना सुरतेत आणलं. बापा त्याच्या पुढच्या वर्षी आले. दोन्ही घरांनी आणलेला संसार सारखाच होता: एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह, चार गोधड्या.

आज बांचा मोठा नातू वेसूला तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमचं घर दिंडोलीत आहे. पन्नास वारांच्या प्लॉटवर तीन हप्त्यांत बांधलेलं, वरच्या मजल्याचं प्लास्टर अजून व्हायचंय. असं का झालं, हा प्रश्न मला लहानपणापासून विचारला गेला आहे. शेजारणींनी विचारला, शाळेतल्या बाईंनी विचारला, पुढे मी स्वतः शिक्षिका झाल्यावर वर्गातल्या मुलांनीही विचारला. शहराचं उत्तर तयार असायचं: काठियावाडी माणूस साहसी, धंद्याचा किडा, खानदेशी माणूस भोळा, पगार झाला की खर्चून मोकळा. हे उत्तर मला कधीच पटलं नाही. आप्पांना बारा तास उभं राहून लूम चालवताना मी पाहिलं होतं. आळस आमच्या घरात कुणाला परवडणाराच नव्हता.

उत्तर शोधायचं तर गाडीपासून सुरुवात करावी लागते. तापी खोऱ्यातला लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरतेपासून नंदुरबार-अमळनेरमार्गे जळगावकडे पुरा झाला, आणि तेव्हापासून खानदेशाचं एक दार सुरतेकडे उघडलं. मुंबई लांब आणि महाग. सुरत म्हणजे संध्याकाळी बसलं की पहाटे उतरायचं. आजी सांगायची, तिच्या माहेरचे लोक आधी कापसाच्या गाड्यांबरोबर यायचे, मग हंगामी मजुरीला, मग कायमचे. वाटेत नवापूर लागतं. १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत पडलं. फलाटावर एक बाक आहे, अर्ध्यावर महाराष्ट्र आणि अर्ध्यावर गुजरात लिहिलेला. गाडी तिथे थांबली की आजी खिडकीतून त्या बाकाकडे बोट करायची आणि म्हणायची, "जमीन ऱ्हायनी तठे, पोट उनं आठे." जमीन राहिली तिकडे, पोट आलं इकडे. मला ते वाक्य तेव्हा गमतीचं वाटायचं. आजीला त्यात गंमत काही दिसत नसे.

त्याच गाडीत आणखी एक डबा असायचा, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. नंदुरबारला आणि नवापूरला दिवाळीनंतर भिल्ल आणि कोकणी आदिवासी कुटुंबं चढायची. कोयते, मडकी, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं बरोबर. ती सुरतेपर्यंत येतच नसत. बारडोलीला, मढीला उतरायची आणि साखर कारखान्यांच्या उसात शिरायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जायचा, मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असायची. डच अभ्यासक यान ब्रेमन साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या या मजुरांकडे येत राहिले आणि त्यांनी त्यांच्यावर आयुष्यभर लिहिलं. आम्ही सुरतेचे खानदेशी स्वतःला गरीब म्हणायचो, तेव्हा तो डबा आमच्याच गाडीला जोडलेला होता. समाजाची तुलना करताना माणसं फक्त वर पाहतात. आजी मात्र बारडोली आलं की त्या बायकांना आपल्या शिदोरीतली भाकरी द्यायची.

सुरतेला मराठी माणूस काही आमच्यामुळे पहिल्यांदा दिसला नव्हता. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. मोठमोठे घुमट, त्याखाली थंडगार सावली. आम्ही पोरं तिथे लपाछपी खेळायचो. त्यातला सगळ्यात मोठा घुमट ऑक्सेंडन भावांचा. जॉर्ज ऑक्सेंडन म्हणजे १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार अडवून बसलेला अधिकारी. पाच वर्षांनी तो इथेच वारला. शाळेत गुजराती पोरं आम्हाला "तुमच्या राजानं आमचं गाव लुटलं" म्हणायची. दादा भांडायला उठायचा. बापांनी एकदा दोन्ही बाजूंच्या पोरांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की लुटण्यासारखं त्या वेळी सुरतेत होतं, काठियावाडातल्या त्यांच्या गावात कुणी लुटायला यावं असं काहीच नव्हतं, म्हणून तर ते इथे आले. भांडण तिथेच संपलं.

दुसरा मराठी माणूस मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर कळला. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. इथल्या दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी १८४४ साली मानवधर्म सभा काढली. जात मानू नये, भुताखेतांच्या नावाने माणसांना फसवू नये, हे ते भर सभेत बोलत. एक गुजराती मास्तर आणि एक मराठी मास्तर. मी मराठी माध्यमाच्या शाळेत व्याकरण शिकवताना मुलांना हे आवर्जून सांगायची. त्यांच्या वडिलांना शहर लूम कारीगर म्हणून ओळखत होतं. याच शहरात मराठी माणूस विचार घेऊनही आला होता, हे त्यांना कळावं असं मला वाटायचं.

आता त्या भिंतीकडे येते.

आप्पा लूमवर लागले ते आजीच्या एका भाच्याच्या ओळखीने. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये त्यांनी थोडे दिवस बदली कामगार म्हणून काढले होते, तेवढंच भांडवल. प्रतापशेठांची ती गिरणी आमच्या भागाचा अभिमान. ज्या गावात साने गुरुजींनी शिकवलं, तिथल्या गिरणीचा भोंगा चार गावांना ऐकू यायचा. पण बदलीवाल्याला भोंगा ऐकूनही दारातून परत जावं लागे. सुरतेत तसं नव्हतं. इथे काम होतं, रोज होतं, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही होत्या. आठ लूम सांभाळायचे. तार तुटला की जोडायचा, धोट्यातली कांडी संपली की बदलायची, बीम संपत आली की शेठला सांगायचं. पैसे मीटरवर. पंधरवड्याला हिशेब. लूम शेठचे, सूत शेठचं, वीज शेठची, कापड कुठल्या मार्केटला जाणार तेही शेठलाच ठाऊक. आप्पांनी तीस वर्षं लूम चालवले. पहिल्या वर्षी त्यांना जेवढं येत होतं त्याहून तिसाव्या वर्षी त्यांना कितीतरी जास्त येत होतं, नुसत्या आवाजावरून कुठला लूम बिघडणार ते सांगायचे. पण त्या ज्ञानाला वरची पायरी नव्हती. आठाचे बारा लूम झाले एवढंच. आणि शेवटी उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं.

बापांची पायरी वेगळी होती. दुधाळा, लाठी, सावरकुंडला, गारियाधार या भागातली पोरं साठ-सत्तरच्या दशकांत सुरतेला येऊ लागली होती. दुधाळ्याचे गोविंद ढोलकिया १९६४ मध्ये हिरा घासायला आले आणि पुढे केवढे मोठे निर्यातदार झाले ते सगळ्या सुरतेला माहीत आहे. बापा तसे काही झाले नाहीत. ते एका घंटीवर बसले. घंटी म्हणजे मधोमध फिरणारी सरण, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड, आणि भोवती चार जण मांडी घालून. ती घंटी त्यांच्या मावसभावाच्या मेव्हण्याची होती. चार वर्षांनी बापांनी स्वतःची एक घंटी भाड्याच्या खोलीत टाकली. कच्चा हिरा ओळखीवर मिळाला, कागदाच्या पडीक्यात, पावती नाही, सही नाही. चुकला तर पंचवीस नातेवाइकांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हीच हमी. "ओळखाण ए मोटी खाण," बापा म्हणायचे. ओळख हीच मोठी खाण. हिऱ्यांच्या मिनी बाजारात आजही रस्त्यावर उभ्याने पडीकी उघडतात, तळहातावर लाखाचा माल असतो आणि शेजारून स्कूटर जात असते.

पण ओळखीने सगळं उलगडत नाही. खरी गोष्ट मला १९८५ साली दिसली.

दादा सतरा वर्षांचा होता, दहावीत दोनदा अडकलेला. बापांच्या तेव्हा तीन घंट्या झाल्या होत्या. एका संध्याकाळी आप्पा भिंतीपलीकडे गेले. दोन्ही घरांचं इतकं येणं-जाणं असूनही त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, ते मला आठवतं. पोराला घंटीवर बसवा म्हणाले. बापांनी एका क्षणात हो म्हटलं. आपला-परका काढला नाही. दादा दुसऱ्या दिवसापासून गेला.

शिकाऊ पोराला सहा-आठ महिने पगार नसतो. हात बसेपर्यंत साधा माल, तोही बिघडतो. बांचा धाकटा लेक असाच वर्षभर बसला होता. तेवढ्या काळात गावाहून शेंगदाण्याचं तेल, बाजरी, गूळ येत राहिला, घर चाललं. आमच्याकडे काय येणार होतं? गावची तीन एकर कोरडवाहू, तीन भावांत वाटलेली. आप्पांचा हिस्सा एकर. त्यातलं धान्य तिथल्याच तोंडांना पुरत नव्हतं. उलट आम्हीच दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचो. दोन महिने माय साड्यांना लेस लावून, धागे कापून घर ओढत राहिली. रात्री चिमणीच्या उजेडात तिची बोटं सुईवर चालायची, शंभर साड्यांचा गठ्ठा संपला की नवा. तिसऱ्या महिन्यात आजी आजारी पडली. दादा घंटीवरून उठला आणि पांडेसराच्या डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर रोजाने लागला. पहिल्या पंधरवड्याचा पगार त्याने मायच्या हातात ठेवला. बापा ओट्यावर बसून होते. त्यांनी दादाला हाक मारली नाही, रागावलेही नाहीत. आप्पांना एवढंच म्हणाले, "त्रेवड त्रीजो भाई."

त्रेवड तिसरा भाऊ. त्रेवड म्हणजे ऐपत, काटकसर, तजवीज, वेळ निभावून नेण्याची ताकद, हे सगळं एका शब्दात. घरात दोन भाऊ असतील तर तिसरा भाऊ त्रेवड. आमच्या घरी तो तिसरा भाऊ नव्हता. आम्हाला थांबता आलं नाही.

तो भाऊ त्यांच्या घरी कुठून आला, ते बापांनीच पुढे कधीतरी सांगितलं. त्यांचे वडील गिरासदाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसायचे. पीक उभं राहिलं की अर्ध्याहून जास्त वाड्यात जायचं. स्वातंत्र्यानंतर सौराष्ट्र राज्य झालं, उछरंगराय ढेबर मुख्यमंत्री झाले आणि १९५१ च्या कायद्याने कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या. बापांच्या वडिलांना बावीस विघे मिळाले. "बापू त्या दिवशी शेतात जाऊन झोपले, घरी आलेच नाहीत," बापा सांगायचे. त्या जमिनीत पुढे भुईमूग आला, भुईमुगाच्या पैशात विहीर आली, आणि जेव्हा पाऊस दगा देऊ लागला तेव्हा गहाण टाकायला काहीतरी नावावर होतं. ऐंशीच्या दशकात तिकडे सलग तीन वर्षं दुष्काळ पडला तेव्हा गावंच्या गावं सुरतेत वराछाला उतरली. पण ती रिकाम्या हाताने उतरली नाहीत. शहर ज्याला काठियावाडी साहस म्हणतं, त्याच्या बुडाशी एक सरकारी कायदा आहे, हे मला बापांच्या तोंडून कळलं. त्यांनी ते लपवलं नाही. मला त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

आणि हेही तितकंच खरं की जे जमलं ते त्यांनी एकट्या-दुकट्याने खाल्लं नाही. समाजाच्या वाड्या बांधल्या, गावच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली, समूह लग्नं लावून कर्ज काढून होणारे लग्नाचे खर्च मोडले. कतारगामला २०१७ मध्ये उभं राहिलेलं किरण हॉस्पिटल पाटीदार समाजाच्या ट्रस्टचं आहे, आणि तिथे आमच्या लिंबायत-दिंडोलीचे लोकही रांगेत असतात. आम्ही खानदेशी काय उभं करू शकलो? मंडळं झाली, कानबाई देवीची मिरवणूक झाली, शिवजयंती झाली. मराठी माध्यमाच्या शाळा महापालिकेने दिल्या, इतर भाषांच्या शाळांबरोबर. आम्हाला वर चढायला एकच जिना मिळाला, तो संख्येचा. लिंबायत, उधना, नवागाम, दिंडोली, गोडादरा, इथे मतं होती. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, सुरतेत पोलीस शिपाई म्हणून सुरुवात केलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीतून लोकसभेवर जातात. २०१९ मध्ये त्यांचं मताधिक्य सहा लाख एकोणनव्वद हजारांवर होतं. लिंबायतच्या आमदारही २०१२ पासून पाटीलच. आप्पांसाठी ही मोठी गोष्ट होती. ते म्हणायचे, आता कचेरीत गेलो तर कुणी 'तुम्ही कुठले' असं विचारत नाही. मला वाटायचं, आमच्यातल्या चार माणसांना खुर्ची मिळाली आणि चार हजारांना लूम. पण आप्पांच्या त्या समाधानाला मी कधी हात लावला नाही.

वांशिक स्वभावाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी एक प्रसंग सांगते. दादाचे चुलतसासरे यावल तालुक्यातले, लेवा पाटील. बहिणाबाई चौधरींच्या समाजातले. ते एकदा सुरतेला आले असताना बापांशी ओट्यावर बोलत बसले. बापांनी सवयीने विचारलं, "तमे केवा पाटील?" ते म्हणाले, लेवा. बापा ताठ बसले. "अमे पण लेउवा." मग खानदेशी म्हाताऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या वाडवडिलांपासून असं ऐकिवात आहे, मूळ पुरुष पावागडाकडून निघाले, तापी ओलांडून काळ्या जमिनीत उतरले. किती पिढ्यांपूर्वी, कुणाला ठाऊक. पुराणाइतकी जुनी गोष्ट, पण घरोघरी तीच. बापांनी त्यांना पोटभर ताक पाजलं आणि मला हाक मारून म्हणाले, बघ, आमचेच भाऊ, तुमच्यात जाऊन मराठी झाले. एकच नाव, एकच ऐकीव मूळ. एक धारा खानदेशात केळी पिकवत राहिली, दुसरी काठियावाडात भुईमूग काढून हिऱ्यापर्यंत आली. रक्तात काही असतं तर दोघांच्यात सारखंच असायला हवं होतं.

माझी भाची, दादाची मुलगी, इथल्या एसव्हीएनआयटीतून इंजिनिअर झाली आणि आता अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉयसी गावात असते. दर रविवारी फोन. एकदा म्हणाली, "आत्या, इथे बास्क म्हणून लोक आहेत, मला त्यांची गोष्ट ऐकून आप्पा आठवले." स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातून ही पोरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे गेली. भाषा वेगळी, इंग्रजी नाही. मिळालं ते एकच काम, उजाड डोंगरात एकट्याने हजारो मेंढ्या राखायचं. गावी त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी मेंढ्या कधी राखल्याही नव्हत्या. हिवाळ्यात खाली आलं की बास्क खानावळीत राहायचं. बॉयसीत अशी एक जुनी खानावळ अजून उभी आहे, आता संग्रहालयाच्या ताब्यात. ती पुढे म्हणाली, "आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पगार पैशात नाही, मेंढ्यांत मिळायचा." तिथे मी तिला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मालकाच्या कळपाबरोबर राखणदाराची चार-दोन मेंढरंही चरायची, त्यांची कोकरं त्याची. जेवण मालकाचं, कुरण सरकारचं, बायको-पोरं मागे नाहीत. काही वर्षांत राखणदार स्वतःच्या कळपाचा मालक. १९३४ मध्ये कायद्याने मोकळी कुरणं बंद झाली आणि तो जिना मोडला, पण तोपर्यंत पुष्कळ जण वर चढून गेले होते. अशाच एका मेंढपाळाचा मुलगा, पॉल लॅक्झाल्ट, १९६७ मध्ये नेवाडाचा गव्हर्नर झाला आणि मग सिनेटर.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. मेंढ्यांत पगार. आप्पांना कुणी पगारात लूम दिला असता तर? तीस वर्षांत सोळाव्या वर्षी एक, विसाव्या वर्षी दुसरा. घंटीवाल्यांना त्यांच्या नात्यागोत्याने तेच तर दिलं होतं, हिशेबाच्या वहीत न लिहिता.

तिच्या ऑफिसात एक नायजेरियन बाई आहेत, इग्बो. त्यांच्या घरात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट. अमेरिकेत नायजेरियन वंशाच्या लोकांत पदवीधरांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून खूप वर आहे. १९६५ मध्ये तिथला स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर येणाऱ्याकडे शिक्षण पाहिलं जाऊ लागलं. म्हणजे जे पोचले ते आधीच चाळून निघालेले. त्यांची थांबण्याची वर्षं इबादान-लागोसच्या विद्यापीठांत, आई-बापांच्या खर्चाने पुरी झालेली. बास्क आले ते रिकाम्या हाताने आणि त्यांना कळप करता आला. नायजेरियन आले ते कागद घेऊन. शाळेत हुशार कोण या प्रश्नाने या दोघांची तुलना करणं म्हणजे लूमवाला आणि हिरेवाला यांच्यात कष्टाळू कोण असं विचारण्यासारखं आहे. त्या बाई भाचीला म्हणाल्या, माझा मामा डॉक्टरेट घेऊनही अकरा वर्षं टॅक्सी चालवत होता, पण आमच्या घरी फोटो फक्त डॉक्टरांचे लावलेले आहेत.

आमच्या सुरतेतही फोटो डॉक्टरांचेच लागतात. वराछातल्या बहुतेक माणसांची नावं कुठल्याही शेठच्या पाटीवर नाहीत. ते रत्नकलाकार आहेत, रोजच्या नगावर पगार. २००८ च्या मंदीत कारखान्यांना टाळी लागली, तेव्हा बापांच्या धाकट्या लेकाने चार महिने भाजी विकली. त्याच सुमारास काहींनी जीवही दिला. कारागिरांना मोटारी भेट देणाऱ्या शेठच्या बातम्या देशभर गेल्या, भाजीच्या गाडीची बातमी आमच्या गल्लीबाहेर गेली नाही. खजोदला २०२३ च्या डिसेंबरात डायमंड बुर्सचं उद्घाटन झालं, साडेचार हजार कार्यालयांची जागा. त्याच काळात धंदा मंदावला, प्रयोगशाळेतल्या हिऱ्याने भाव पाडले आणि बांचा मधला नातू, ज्याने घंटीशिवाय काही पाहिलं नव्हतं, हाताला दुसरं काम शोधू लागला. दादाने डाईंग मिल सोडून मार्केटच्या साड्या वाहणारा टेम्पो घेतला होता, आता दोन आहेत. गेल्या वर्षी त्या नातवाने दादाला फोन केला. दादाने एक टेम्पो त्याच्या हाती दिला आणि डिझेल सोडून निम्मे-निम्मे ठरवलं. हप्ते फिटले की टेम्पो त्याचा. मी दादाला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, सांगायचं काय त्यात, बापांनी मला दोन महिने फुकट शिकवलं होतं, त्यांचा किती माल मी बिघडवला असेन.

आता एक गोष्ट राहिली, ती १९९४ ची. सप्टेंबरात तापीला पूर येऊन गेला होता, गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. वेड रोडवर माणसं तापाने पडू लागली आणि दोन दिवसांत प्लेग हा शब्द दारोदार फिरला. त्यावरचं औषध, टेट्रासायक्लिन, मिळेना. शहर रिकामं होऊ लागलं. लाखो लोक गेले. काठियावाडी बस आणि ट्रकने पश्चिमेला, आम्ही भुसावळ गाडीच्या दारात लटकून पूर्वेला. घाईत मायने भाताचं पातेलं चुलीवर तसंच सोडलं. अमळनेरला भावकीने आम्हाला चार दिवस गावाबाहेरच्या मळ्यात ठेवलं, घरात घेतलं नाही. भीती होती, मी दोष देत नाही. महिन्याने परतलो तर आमची खोली झाडून-पुसून स्वच्छ, पातेलं घासून पालथं घातलेलं, देवापुढे दिवा. बा आमच्या आधी आठ दिवस परत आल्या होत्या. किल्ली नव्हती, म्हणून त्यांनी कडी उचकटवून घेतली होती आणि रोज ओसरीवर झोपून दार राखलं होतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, जरीची चोळी. घरातल्या पुरुषांच्या संख्येने सव्वा मूठ गहू मोजून दळायचे, त्याचे रोट करायचे. सोबत पुरण, खीर, गिलक्याची भजी. रोटाचा एक नियम कडक आहे. तो भावकीतच खायचा. परक्याला एक तुकडासुद्धा द्यायचा नाही. सून माहेरी गेली असेल तर तिचा ठेवतात, पण दारी आलेल्या पाहुण्याला देत नाहीत. ९५ च्या श्रावणात आजीने गहू मोजायला घेतले. आप्पांची मूठ, दादाची मूठ. मग थांबली आणि आणखी एक मूठ टाकली. मायने विचारलं, ही कुणाची? आजी म्हणाली, "ती बापाना नावनी."

त्या वर्षीपासून बांच्या घरी रोट जातो. आजी गेली, आप्पा गेले, बापाही गेले. मूठ अजून मोजतो, आता ती बांच्या मोठ्या नातवाच्या नावाने. बा चालू शकत नाहीत, पण डबा तिकडून येतो. गेल्या श्रावणात त्यांची नातसून वेसूहून गाडी घेऊन आली, दिंडोलीच्या गल्लीत गाडी शिरेना म्हणून नाक्यावर लावून चिखलातून चालत आली. स्टीलचा तीन खणांचा डबा, झाकणावर बांचं नाव कोरलेलं. वरच्या खणात तिने आमच्यासाठी सुखडी भरून आणली होती. मायने ती काढून घेतली, खण विसळला, पुसला, आणि रोट भरायला बसली.